दुर्गे सरांची झाडमोजणी

राजुऱ्यात मे महिन्यात माणूस दोनच गोष्टी करू शकतो. एक, कूलरसमोर बसणं. दोन, कूलरसमोर आधीच बसलेल्या माणसाला सरकायला सांगणं. भूगोलाचे संघपाल दुर्गे सर मात्र तिसरी गोष्ट करत होते. ते कूलरसमोर बसून हवामान बदलाचा अभ्यास करत होते.

'कार्बन व्यवस्थापन आणि हवामान बदल' असं त्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं नाव. विद्यापीठ दूरचं, शिकवणी मोबाइलवरची. तिकडच्या मार्गदर्शक बाई पडद्यावर शाल पांघरून बसायच्या. इकडे सर वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लुंगी अशा वेशात पृथ्वीची चिंता करायचे. मधेच वीज जायची, पडद्यावरच्या बाई तोंड उघडं ठेवून थिजायच्या आणि कूलरच्या पंख्यासोबत सरांचं शिक्षणही थांबायचं.

आता सेहेचाळिसाव्या वर्षी सरांना ही हौस का आली, असं तुम्ही विचाराल. राजेहो, हौस नव्हती, अब्रूचा प्रश्न होता. सरांनी आजवर हार्मोनियम सुरू केली ती 'सा रे ग' वर सोडली. स्पोकन इंग्लिश सुरू केलं, ते 'हाऊ आर यू' च्या उत्तरापर्यंतही पोचलं नाही. गच्चीवरच्या बागेत आता फक्त कुंड्या पिकत होत्या. तेव्हा अभ्यासक्रमाचं नाव काढताच त्यांच्या पत्नी रिनाताई शांतपणे म्हणाल्या, "हे तरी तडीस न्या. नाहीतर माहेरी मी काय तोंड दाखवू?" त्यात सरांनी स्टाफरूममध्ये आधीच पेढे वाटून ठेवलेले. प्राचार्यांनी तर कौतुकाच्या भरात फळ्यावर 'आपले हवामानतज्ज्ञ' असं लिहूनही टाकलं होतं. आता मागे फिरायची सोयच राहिली नव्हती.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प आला. एक गाव निवडायचं. त्या गावच्या धुऱ्यांवरची, म्हणजे शेतांच्या बांधांवरची, झाडं छातीच्या उंचीवर टेप लावून मोजायची, प्रत्येकाला नंबर घालायचा, जमिनीला भोक पाडून मातीचा नमुना काढायचा. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच करायचं. मधल्या काळात झाडं जेवढी वाढली, तेवढा कार्बन त्यांनी हवेतून खाल्ला. हिशेब सोपा होता. फक्त बाईंच्या दोन अटी होत्या.

"वर्षभर गावात आपल्यामुळे काहीही बदलता कामा नये," बाई म्हणाल्या. "आणि कशासाठी मोजताय हे गावाला अजिबात सांगायचं नाही. माणसांना कळलं की माणसं वागणं बदलतात."

सरांना हे फारच शास्त्रीय वाटलं.

गाव म्हणून त्यांनी सासुरवाडी निवडली. सिंधबोडी. कारण शास्त्रीय सांगितलं असलं तरी खरं कारण असं, की तिथे जेवणाची सोय होती. नंबर टाकायला ते चुना घेणार होते, पण शेजारच्या आदेशचं हार्डवेअरचं दुकान. शेजाऱ्यानं सल्ला दिला नाही तर तो शेजारी कसला?

"चुना काऊन सर? पहिल्या पान्यात वाहून जाते. ऑइल पेंट न्या," आदेश म्हणाला. "आमच्या बाबाच्या टाइमचं नाव अजून शटरवर हाय. खरवडलं तरी निघत नाई."

सरांनी मुद्दाम भारीतला पांढरा पेंट घेतला, कारण विज्ञानात तडजोड नको. काट्याकुट्यासाठी खाकी पँट घातली, उन्हासाठी टोपी, डोळ्यांवर काळा गॉगल, आणि गळ्यात विद्यापीठाचं ओळखपत्र अडकवलं. आरशात पाहून ते स्वतःवरच खूश झाले.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. सिंधबोडीपासून दोन कोसांवर एक गाव होतं. होतं म्हणजे आता नाही, तिथे कोळशाची खाण आहे. ते गाव जायच्या आधी तिथे काय काय झालं होतं, ते अख्ख्या सिंधबोडीला तोंडपाठ होतं. आधी टोपीवाले आले. त्यांनी झाडं मोजली, झाडांवर पांढरे नंबर टाकले, जमिनीला भोकं पाडली. काय चाललंय विचारलं तर म्हणाले, सांगायला मनाई आहे. खाण येणार का विचारलं तर म्हणाले, छे छे, खाण वगैरे काही नाही. आणि मग खाण आली. झाडामागे मोबदला मिळाला, जमिनीमागे नोकरी मिळाली. ज्याच्या धुऱ्यावर आंबे होते त्यानं राजुऱ्यात दुमजली घर बांधलं. ज्यानं आदल्याच वर्षी आंबे तोडून सरपण केलं होतं, त्याची बायको त्याला अजून जेवताना टोमणे मारते.

सरांनी पहिला नंबर टाकला तो सासऱ्यांच्या मोहाच्या झाडावर. देवरावांच्या वावरातला हा मोह गावातला सगळ्यात जुना. उन्हाळ्याच्या तोंडी त्याखाली फुलांचा सडा पडतो, आणि सासूबाई सीताबाई पहाटेच टोपली घेऊन तिथे हजर असतात. त्या झाडाखाली देवरावांच्या बापानं दुपारी भाकर खाल्ली, देवरावांनी खाल्ली, रिनाताईंनी लहानपणी झोका बांधला. सरांनी त्याच्या खोडावर वीतभर उंचीचा सुबक 'एक' काढला. देवराव जवळच बसून पाहत होते.

"जवाईबापू, मोहाले काई होनार नाई ना?"

"काही होत नाही मामाजी. मी आहे ना!"

देवरावांनी मान डोलावली, पण नजर काही त्या नंबरावरून हलली नाही.

सर त्याच वावराच्या दुसऱ्या धुऱ्यावर जमिनीत भोक पाडत असताना लटारूभाऊ आले. लटारूभाऊ म्हणजे गावचं आकाशवाणी केंद्र, फक्त मधे गाणी लावत नाहीत.

"जयभीम जवाईबापू. हे काय करून राह्यले जी?"

"जयभीम. थोडं मोजमाप आहे."

"कायचं?"

"ते सांगता येत नाही लटारूभाऊ. वरून मनाई आहे."

लटारूभाऊंचा विडीचा हात तोंडाकडे जाता जाता थांबला. "अन हे भोक?"

"खाली किती आहे तेही पाहावं लागतं ना."

लटारूभाऊंनी आजूबाजूला पाहिलं, जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "खाण येनार हाय का?"

"छे छे!" सर दिलखुलास हसले. "खाण वगैरे काही नाही."

झालं! लटारूभाऊंना आणखी काय पाहिजे होतं? सर पुढच्या झाडाला टेप गुंडाळेपर्यंत बातमी पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली होती.

त्या दिवसापासून सरांचा मान जो वाढला, तो विचारू नका. आजवर सासुरवाडीला त्यांना जावई म्हणून चहा मिळायचा. आता घराघरातून गावरान कोंबड्याची आमंत्रणं यायला लागली. ज्या लोकांनी लग्नात त्यांच्या उंचीवरून थट्टा केली होती, ते त्यांच्या चपला सरळ करून ठेवायला लागले. लोक हात जोडून म्हणायचे, "साहेब, आमच्या लिंबाले नंबर राह्यला जी. तेवढं पाहा ना." सर मोठ्या मनानं नंबर टाकून द्यायचे. रात्री घरी येऊन रिनाताईंना सांगायचे, "लोकांमध्ये विज्ञानाची केवढी भूक आहे बघ! नुसतं पोचवणारा हवा."

पुढच्या खेपेला पाहतात तो सरांनी न मोजलेल्या झाडांवरही नंबर! कोणाला नंबर नको होता? लोकांनी आपले आपणच टाकून घेतले. लटारूभाऊंनी उत्साहाच्या भरात विजेच्या खांबालाही एक नंबर दिला, कारण तो त्यांच्या धुऱ्यावर होता. आदेशच्या दुकानातला पांढरा ऑइल पेंट संपला. त्यानं दुकानाबाहेर 'पेंट सोमवारी येईल' अशी पाटी लावली, आणि सरांना येता-जाता नमस्कार करायला लागला.

पावसाळा लागला आणि सिंधबोडीला झाडांचं वेड लागलं. सरपंच सुगंधाबाईंच्या राज्यात वृक्षारोपण दरवर्षी व्हायचं, पण दरवर्षी त्याच खड्ड्यात. खड्डे आता पाहुण्यांनाही ओळखत होते. त्याच सुगंधाबाई यंदा रोपवाटिकेतून ट्रॅक्टर भरभरून साग, आंबा, चिंच, निलगिरी आणत होत्या, आणि ट्रॅक्टर गावात शिरायच्या आधीच रिकामा होत होता. एकेका धुऱ्यावर इतकी रोपं दाटली की बैलांना वावरात शिरायला वाट राहिली नाही. झाडाची फांदी तोडणं बंद, धुरा पेटवणं बंद. बकरीनं नंबरच्या झाडाला तोंड लावलं म्हणून दोन सख्खे भाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत.

सर धुऱ्यावर उभे राहून गहिवरले. 'जनजागृती' असा शब्दही त्यांनी मनात योजून ठेवला. तेवढ्यात रिनाताईंचा फोन आला.

"आईनं विचारलंय, खाणीतली नोकरी कोणाच्या नावानं मागायची?"

"कोणती खाण?"

"तीच, जी तुम्ही आणून राह्यले!"

सर मटकन धुऱ्यावर बसले, तेही नेमके एका रोपावर. रोपाचा मालक धावत आला, रोपाची विचारपूस केली आणि सरांकडे बघितलंही नाही.

बाईंना सांगितल्यावर पडद्यावर शाल थरथरली. "दुर्गे, तुमचा नमुना बिघडला! गाव होतं तसं राहिलं नाही, तर प्रकल्प बाद. ताबडतोब लोकांना सांगा की खाण येत नाही."

म्हणजे पदवी गेली. हार्मोनियम, स्पोकन इंग्लिश आणि रिकाम्या कुंड्यांच्या रांगेत आता हवामानही बसणार. सरांनी कंबर कसली. आधी सरकारी कागद मिळवावा म्हणून ते एका कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं ऐकून घेतलं, पान थुंकून आला आणि म्हणाला, "खाण येणार असल्याचा कागद मिळतो सर. येणार नसल्याचा कसा देणार? नसलेल्या गोष्टीची फाइल नसते."

"मग मी काय करू?"

"वनखात्यात जा. झाडाचा विषय आहे."

वनखात्यातले म्हणाले, झाड वावरात आहे, तेव्हा विषय महसूलचा. कार्बन म्हटल्यावर त्यांनी प्रदूषणवाल्यांकडे बोट दाखवलं. प्रदूषणवाल्यांनी विचारलं, धूर निघतो का? सर म्हणाले, माझ्या डोक्यातून निघतोय. तसा रकाना नाही म्हणाले. फिरून फिरून सर पुन्हा पहिल्या बाबूकडे आले, तेव्हा बाबूनं दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"सर, आपसातलं म्हणून विचारतो. नेमकी कोणत्या बाजूनं येते? माझ्या मेव्हण्याचं वावर आहे तिकडे."

पुढच्याच आठवड्यात त्या मेव्हण्याच्या धुऱ्यावर साग लागला.

शेवटी सरांनी ग्रामसभा बोलवायला लावली. गाव लोटलं. एरवी ग्रामसभेला माणसं जमवायला सुगंधाबाईंना घरोघरी फिरावं लागतं. सर उभे राहिले आणि एका दमात सगळं बोलून गेले. मी शिकतो आहे. हा माझ्या परीक्षेचा प्रकल्प आहे. झाडं हवेतला कार्बन किती खातात एवढंच मला मोजायचं होतं. खाणीशी माझा काडीचा संबंध नाही. बाबासाहेबांची शपथ घेऊन सांगतो, खाण येत नाही.

मग लटारूभाऊ उठले.

"साहेबानं लय चांगलं सांगतलं. आता मले सांगा, त्या गावात टोपीवाले काय म्हनत होते?"

"खाण नाई म्हनत होते!" सभा एका सुरात म्हणाली.

"अन मंग?"

"खाण आली!"

"मंग! आपल्या जवाईबापूवर वरून किती दबाव असल ते समजून घ्या. शपथ घ्याले लावली बिचाऱ्याले. अन पन्नाशीले आलेला मास्तर परीक्षा देते म्हनते! हे कोनाले पटते का?"

हे मात्र कोणालाच पटलं नाही. खाणीच्या गोष्टीपेक्षा सरांची पदवी जास्त खोटी वाटली, हे सरांना फार लागलं. "पन्नाशी नाही, सेहेचाळीस!" असं ते ओरडलेसुद्धा, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. सुगंधाबाईंनी सरांना नारळ दिला, आणि परतीच्या वाटेवर लोकांनी आणखी रोपं लावली.

ग्रामसभेतून देवराव तेवढे उठून सरांच्या बाजूला आले. साऱ्या गावात एकही नवं रोप न लावलेला माणूस तोच.

"मले सांगा जवाईबापू. खाण आली त मोह जाते ना?"

"मामाजी, येतच नाही खाण. तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवा हो!"

"ठेवतो," देवराव म्हणाले. "मले नोकरी नाई पाह्यजे. मोह राह्यला पाह्यजे."

सरांना एकदम बरं वाटलं. गावात एक तरी माणूस आपलं ऐकतो म्हणून त्यांनी सासऱ्यांचा हात धरला आणि पुन्हा म्हणाले, "मी आहे ना!"

वर्ष सरलं. सरांनी जड अंतःकरणानं दुसरी मोजणी केली, विजेचा खांब वगळला आणि आकडे पाठवून दिले. आता नापास व्हायचंच तर खरं लिहून व्हावं, म्हणून वाढीच्या कारणासमोर त्यांनी लिहिलं, 'खाण येणार अशी ग्रामस्थांना वाटलेली आशा.' तोंडी परीक्षेला पडद्यावर बाईंसोबत आणखी एक गृहस्थ होते. चकचकीत डोकं, मागे काचेची खिडकी. बाईंनी ओळख करून दिली, की या अभ्यासक्रमाला ज्या कोळसा कंपनीचं पाठबळ आहे, तिथले हे हरित विभागाचे प्रमुख. कार्बन व्यवस्थापन शिकवायला पैसे कोळशातून येतात, हे सरांना त्या दिवशी कळलं. त्यांनी लुंगी जरा नीट केली.

"मिस्टर दुर्गे," प्रमुख म्हणाले, "एका वर्षात एका गावात एवढी झाडं? शासनाची कोणती योजना?"

"योजना नाही साहेब. लोकांना वाटलं खाण येते, म्हणून लावली."

बाईंनी डोळे मिटले. सरांना वाटलं, संपलं.

"म्हणजे," प्रमुख पुढे झुकले, त्यांचा चेहरा उजळत गेला, "नुसत्या खाणीच्या बातमीनं एवढी हिरवळ होते! तर खरी खाण आली तर किती होईल? बाई, हे संशोधन फारच मोलाचं आहे."

सरांना विशेष प्रावीण्य मिळालं. बाईंनी 'बिघडलेला नमुना' हा शब्द कुठेही पुन्हा काढला नाही. राजुऱ्यात सत्कार झाला, स्टाफरूममध्ये दुसऱ्यांदा पेढे वाटले गेले, आणि रिनाताईंनी पदवीला चौकट करून ती बरोबर हार्मोनियमच्या वर टांगली. "आयुष्यात एक तरी गोष्ट पूर्ण केली हो तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. सरांनाही भरून आलं. पंधरवडाभर ते कूलरसमोर न बसता पदवीसमोर बसले.

मग एक दिवस सिंधबोडीहून फोन आला. जीप आली आहे, लवकर या.

सर मोटारसायकलवरून पोचले तेव्हा अख्खं गाव देवरावांच्या वावरात होतं. जीपमधून कंपनीची माणसं उतरली होती. टोप्या, गॉगल, गळ्यात ओळखपत्रं. सुगंधाबाईंनी त्यांना हार घातले होते. त्यांच्यातला मोठा साहेब मोहाच्या नंबराकडे बघून खूश होऊन म्हणाला, "वा! मोजणी तर आधीच झालेली आहे. आमचं काम वाचलं."

लटारूभाऊंनी पुढे होऊन विचारलं, "साहेब, खाण येनार हाय का?"

"छे छे," साहेब हसला. "खाण वगैरे काही नाही. आम्ही फक्त झाडं बघायला आलो."

लटारूभाऊंनी गर्कन वळून सरांकडे पाहिलं, आणि आनंदानं ओरडले, "आयकलं का! असंच म्हनते! बरोबर असंच म्हनते!" गावानं जल्लोष केला. कोणीतरी फटाके आणायला धावलं.

सर हसले नाहीत. कारण मोठा साहेब बोलत असताना त्याच्यामागचा एक तरुण माणूस उकिडवा बसला होता. वर्षभरापूर्वी सरांनी जिथे भोक पाडलं होतं, तिथली माती त्यानं हातात घेतली, बोटांनी चोळली, वास घेतला आणि एका पुडीत बांधून खिशात ठेवली. झाडं बघायला आलेल्या माणसाला मातीची पुडी कशाला लागते? सरांनी त्या माणसाला गाठून विचारलं. त्यानं गॉगल नीट केला आणि म्हणाला, "ते सांगता येत नाही सर. वरून मनाई आहे."

जीप गेली, गाव नाचत नाचत चावडीकडे गेलं. वावरात फक्त देवराव राहिले. त्यांनी बादलीभर पाणी आणलं होतं, विटेचा तुकडा आणला होता, आणि मोहाच्या बुंध्याशी बसून ते 'एक' नंबर घासत होते. साल सोलवटली, पण नंबर जसाच्या तसा.

"जवाईबापू," हात न थांबवता त्यांनी विचारलं, "तुमी शिकलेले हा. आता खरं सांगा. मोहाले काई होनार नाई ना?"

इतके दिवस साऱ्या गावाला ओरडून ओरडून 'नाही' सांगणाऱ्या संघपाल सरांच्या तोंडून या वेळी 'नाही' निघेना. त्यांनी बाह्या वर केल्या, विटेचा दुसरा तुकडा उचलला आणि सासऱ्यांच्या शेजारी बसून तेही घासायला लागले. पेंट भारीतला होता, सरांनी स्वतः निवडून आणलेला.